बिनशेऱ्याची मंजुरी

थोरलीने स्क्रीनवरची फाइल पुन्हा वर नेली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. ही चौथी खेप. एकूण ओळी एकोणीस. त्यांतली एक मोकळी, दोन नुसत्या कंसांच्या. एवढ्याशा कामात काहीच खोट निघू नये, हे तिला पटत नव्हतं.

फाइल धाकटीची होती. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, सात वर्षांनी लहान आणि गेल्या आठ महिन्यांपासून याच ऑफिसात, दोन टेबलं सोडून बसणारी. तिला या धंद्यात आणलं थोरलीनेच. जावास्क्रिप्टचा श्रीगणेशा तिनेच करून दिला, पहिला अर्ज तिने लिहून दिला, आणि इथल्या मुलाखतीत काय काय विचारतील तेही आदल्या दिवशी फोनवर तिनेच घोटून घेतलं. तेव्हा धाकटी पाच तासांच्या अंतरावर एकटी राहत होती आणि थोरलीला बहीण जवळ हवी होती. आता ती जवळ आली होती आणि थोरलीच्या डोळ्यांत खुपत होती. ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे?

ऑफिस चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. दुकानदार गिऱ्हाइकाचा नंबर टॅब्लेटवर भरतो, काचा निवडतो आणि ऑर्डर थेट कारखान्यात जाते. लिहिलेलं जावास्क्रिप्ट त्या टॅब्लेटला समजेल अशा रूपात बांधून देण्याचं काम एक यंत्रणा करते. तिला सगळे ‘बिल्ड’ म्हणतात. ती तयार मिळते, सगळे नियम आधीच आत भरलेले. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी तिच्यात एक आज्ञा ठेवलेली असते. ती चालवली की आतले सगळे नियम बाहेर येऊन तुमच्या पुढ्यात पडतात, हवे तसे बदला. मात्र एकदा बाहेर काढलेलं परत आत जात नाही. बनवणाऱ्यांनी पुढे काही सुधारलं, तर ते तुमचं तुम्ही हाताने उतरवून घ्यायचं.

थोरलीने चार वर्षांपूर्वी ती आज्ञा चालवली होती. दुकानांतले टॅब्लेट जुनाट होते आणि तिला दुसरा इलाज दिसला नव्हता. तेव्हापासून नऊशे ओळींचा तो संसार ती एकटीने ओढत होती. बनवणाऱ्यांची प्रत्येक सूचना ती वाचायची, काय बदललं ते शोधायची, आपल्याकडे उतरवून घ्यायची. ऑफिसात त्या सूचना वाचणारी ती एकटीच. कुठे काही अडलं की सगळी वरात तिच्या टेबलाशी. “ताईंना विचारा” हे तिथलं रोजचं वाक्य झालं होतं. टीमचा प्रमुख रोज सकाळी आल्याबरोबर डोकी मोजायचा म्हणून सगळे पाठीमागे त्याला मुकादम म्हणत. तो तिची रजा मंजूर करताना दहा वेळा विचार करायचा. थोरली तक्रार करायची खरी, पण आपल्यावाचून अडतं यातही एक मान असतो, आणि तो तिला मनापासून आवडायचा.

धाकटीने काय केलं, तर तयार यंत्रणा उघडलीच नाही. तिला बाहेरून ही एवढीशी फाइल जोडली. यंत्रणा आपले नियम मांडते, कामाला लागण्याआधी ते या फाइलच्या हातात देते, फाइल त्यांतले दोन-तीन बदलते आणि बाकीचे जसेच्या तसे परत करते. संपलं. बनवणाऱ्यांच्या सुधारणा आपोआप येत राहणार आणि आपले बदलही जागेवर राहणार. थोरलीचं बिल्ड व्हायला सात मिनिटं लागत. धाकटीचं पन्नास सेकंदांत हातावेगळं.

त्या दिवशी सकाळी, म्हणजे सोमवारी, मुकादम सगळ्यांदेखत धाकटीला म्हणाला होता, “शुक्रवारी चष्म्याच्या दुकानांच्या त्या मोठ्या साखळीची माणसं आपापले टॅब्लेट घेऊन येतायत. त्यांच्यावर तुझं चाललं, तर नवीन काम तुझ्या सेटअपवर. आणि ते तूच सांभाळायचं.”

मग थोरलीकडे वळून त्याने पुढचं वाक्य जोडलं होतं.

“नाही चाललं तर ताईंचं आहेच.”

ते ‘आहेच’ दिवसभर तिला बोचत होतं. चार वर्षांचं काम, आणि पाहुण्यांना गादी कमी पडली तर माळ्यावरची काढू, अशा सुरात त्याचा उल्लेख.

घरी तर आणखीनच तऱ्हा. आईने उमेद होती तोवर तयार कपड्यांच्या दुकानात मापं कमी-जास्त करून देण्याचं काम केलं होतं. थोरली काय करते ते चार वर्षं सांगूनही तिला कळलं नव्हतं. ‘ते काहीतरी नऊशेचं’ असं ती शेजारणींना सांगायची. धाकटीने एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आपलं काम सांगितलं आणि आई लगेच म्हणाली, “म्हणजे तयार सदरा सगळा उसवायचा नाही. बाही लांब वाटली तर आतून दुमडून टीप मारायची. बरोबर ना?” बरोबरच होतं. थोरली त्या वेळी घोट घोट पाणी पीत उभी होती. तिला आईचा राग आला, धाकटीचा आला, आणि राग यावा असं यात काय आहे हे न सापडल्यामुळे स्वतःचाही आला. हेवा होता तो. त्याला दुसरं नाव नव्हतं.

तर ती वाचत होती. आणि या चौथ्या खेपेला बाराव्या ओळीवर तिची नजर थांबली.

काचांचा हिशेब करणारं एक जुनं पॅकेज, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, टॅब्लेटला समजेल अशा रूपात उतरवायचं होतं. त्यासाठी धाकटीने यंत्रणेच्या यादीतला तिसरा नियम उचलून बदलला होता. नुसता क्रमांक दिला होता, तिसरा. आजच्या घडीला तो तिसराच होता, त्यामुळे सगळं सुरळीत चालत होतं. पण थोरलीने गेल्याच आठवड्यातली सूचना वाचली होती. नव्या आवृत्तीत यादीच्या सुरुवातीला चित्रांचा एक नवीन नियम येत होता. रांगेतल्या तिसऱ्या माणसाला पाकीट द्या असं सांगून ठेवलं, आणि रांगेत पुढे कुणी घुसलं, की पाकीट भलत्याच्या हातात. वर बोंब कुणीच मारणार नाही. बिल्ड पन्नास सेकंदांत होईल, ऑफिसातल्या नव्या संगणकांवर झकास दिसेल, आणि जुन्या टॅब्लेटवर कोरी पांढरी स्क्रीन.

नवी आवृत्ती बुधवारी आपोआप येणार होती. तशी इथली रीतच होती, दर बुधवारी. पाहुणे शुक्रवारी.

या ऑफिसात कुणाचंही काम दुसऱ्या कुणाच्या मंजुरीशिवाय पुढे जात नसे. कुणाकडून तपासून घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. थोरलीकडे पाठवायला लोक कचरायचे, कारण ती खुसपटं काढण्यात पटाईत होती. मंजुरी द्यायची, पण खाली शेरा असायचाच. नाव बरं ठेवा, ही ओळ तोडा, इथे टीप लिहा. धाकटीने मात्र आठ महिन्यांत दुसऱ्या कुणाकडे काही पाठवलं नव्हतं. तिच्या वाट्याला शेरेही सगळ्यांत जास्त.

थोरलीने दोन टेबलांपलीकडे पाहिलं. धाकटी खुर्चीवर मांडी घालून बसली होती, कुणाशी तरी हसत होती. मुकादम जाता जाता तिच्या टेबलावर टकटक करून गेला.

थोरलीने शेऱ्याच्या चौकटीत बोट टेकवलं, काढून घेतलं. मग ‘मंजूर’वर दाबलं. शेरा नाही, काही नाही. मूग गिळून ती उठली आणि चहाच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. पेला भरून सांडायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण बटण सोडलेलंच नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा धाकटी आधीच आलेली होती आणि ओट्याला टेकून आईला मोबाइल दाखवत होती.

“हे बघ, इथे. मंजूर. आणि खाली बघ.”

“खाली काय? काहीच नाहीये,” आई म्हणाली.

“तेच तर. काहीच नाहीये. ताईने माझ्या कामाला शेरा मारला नाही, असं आजवर झालंय का? शाळेतल्या निबंधापासून सांग.”

आई हसली. थोरलीकडे बघून म्हणाली, “शेवटी उतरली म्हणायची तुझ्या पसंतीला.”

थोरलीने चपला जागेवर लावल्या. एरवी लावायची नाही.

“दुपारी फोटोच काढून ठेवला त्याचा,” धाकटी म्हणाली. “खरं सांगू ताई, मला धाकधूक होती. ती बारावी ओळ आहे ना? मी आधी वेगळं लिहिलं होतं. क्रमांक न देता, नियम त्याच्या नावाने शोधून काढायचा असं. जरा लांबलचक झालं होतं. मग म्हटलं, साधं लिहून बघू, चूक असेल तर ताई सोडणार नाहीच. तू काही बोलली नाहीस, तेव्हा ते लांबलचक पुसूनच टाकलं.”

“पुसलंस?”

“ठेवून काय करू? बरोबर होतं ना हे?”

थोरली हात धुवायला गेली. नळ सोडला. तिची समजूत होती की आपण काही केलेलं नाही. चूक धाकटीची, आपण फक्त गप्प बसलो. आता कळलं की धाकटीने बरोबर तेच लिहिलं होतं, आणि या गप्प बसण्याने ते पुसलं गेलं. जेवताना आईने तिला दोनदा विचारलं, बरं नाही का? तिने कामाचं कारण पुढे केलं. धाकटीने ताबडतोब तिच्या वाटची भांडी घासायला घेतली. ते तर सहनच होईना.

मंगळवारी थोरली सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. “पाय वर घ्या,” त्या म्हणाल्या, आणि थोरली पाय वर घेऊन संगणक सुरू होण्याची वाट पाहत राहिली.

तिने सोमवारची मंजुरी मागे घेतली आणि शेरा लिहायला घेतला. ‘आज पुन्हा पाहताना लक्षात आलं की बाराव्या ओळीत क्रमांकाने नियम उचलला आहे. उद्या येणाऱ्या आवृत्तीत यादी एकाने सरकते आहे. नियम नावाने शोधावा.’

वाचून पाहिलं. निर्दोष होतं. धाकटीने तर आभारच मानले असते. ताकास तूर लागली नसती. वर ‘ताईंची नजर बघा’ म्हणून मुकादमाने चार माणसांत कौतुकही केलं असतं. हा शेवटचा विचार मनात आला आणि तिला गोडही वाटला, आणि त्या गोड वाटण्याचीच तिला शिसारी आली.

तिने सुरुवातीचे शब्द खोडले. ‘बाराव्या ओळीत क्रमांकाने नियम उचलला आहे’ इथून शेरा सुरू झाला. शेवटी तिने एक वाक्य वाढवलं: ‘काल मंजुरी देताना हे मला दिसलं होतं.’

हे शेरे सगळ्या टीमला दिसत. ते तिला ठाऊक होतं. मावशींची बादली दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत ती त्या वाक्याकडे बघत राहिली आणि मग तिने ते पाठवून दिलं.

धाकटी साडेनऊला आली. पाण्याची बाटली ठेवली, संगणक उघडला. थोरली समोरच्या स्क्रीनवर काहीतरी वाचल्यासारखं करत होती. तिला धाकटीचा चेहरा दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती. पाठ बराच वेळ हलली नाही. बाजूच्या टेबलावरचा तिला काहीतरी विचारत होता, तिने त्याला हातानेच थांब म्हटलं.

वीस मिनिटांनी दुरुस्त फाइल आली. एकोणीसच्या तेवीस ओळी झाल्या होत्या. नियम आता नावाने शोधला होता, शिवाय तो सापडला नाही तर बिल्ड तिथेच थांबून ओरडेल अशी सोयही केली होती. थोरलीला ते सुचलं नसतं. तपासणाऱ्याच्या जागी तिने सवयीने स्वतःचं नाव शोधलं. तिथे मुकादमाचं नाव होतं.

तो थोड्याच वेळात तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, हे मला पाठवलंय तिने. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच बघून टाका ना.”

“तिने तुम्हाला विचारलंय.”

“अहो, पण...”

“तिच्या शेजारी जाऊन बसा. समजावून सांगेल ती. या कामातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

मुकादम जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि ते तुमच्या शेऱ्यातलं शेवटचं वाक्य. काल दिसलं होतं म्हणजे काय?”

“म्हणजे काल दिसलं होतं.”

त्याने मान खाजवली आणि खुर्ची ओढत तो धाकटीच्या टेबलाकडे गेला. पुढची चाळीस मिनिटं धाकटी त्याला समजावत होती. तिचा आवाज सरळ होता, कुठे चढला नाही की थरथरला नाही.

बुधवारी नवी आवृत्ती आली. यादी एकाने सरकली. काही बिघडलं नाही.

शुक्रवारी साखळीची तीन माणसं आली. त्यांतल्या एकाकडचा टॅब्लेट इतका जुना होता की त्याच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली होती. धाकटीने मुद्दाम तोच हातात घेतला. नंबर भरला, काचा निवडल्या, ऑर्डर गेली. माणसं आपापसांत बोलली, हसली, हात मिळवून गेली. मुकादमाने नवीन काम धाकटीच्या नावे जाहीर केलं आणि मग, थोरलीकडे नीटसं न बघता, जुनंही सगळं हळूहळू याच पद्धतीवर न्यावं लागेल असं सांगितलं. “नऊशे ओळींत कुठे काय आहे ते तुम्हालाच ठाऊक. धाकट्या ताई सांगतील तसं एकेक काढत जा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या. पोटात दुखलंच. आपण कबुली दिली म्हणून आता दुखणार नाही, अशी तिची काहीतरी भाबडी समजूत होती. ती खोटी निघाली.

मंगळवारपासून धाकटी तिच्याशी कामापुरतं बोलत होती. ही फाइल कुठे आहे, ते कधी मिळेल, एवढंच. घरी तर तेवढंही नाही. दोघी एका खोलीत झोपायच्या आणि दोघी भिंतीकडे तोंड करायच्या. आईने दोन्ही लेकींना चुचकारून पाहिलं होतं, हाती काही लागलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिघी जेवायला बसल्या. आईने आधी दोघींना वाढलं, मग स्वतःला घेतलं.

“झालं का आज ते तुमचं?” तिने विचारलं.

“झालं,” धाकटी म्हणाली. “चाललं. मलाच दिलं काम.”

“अगंबाई. मग तोंड का असं?”

“काही नाही. दमले.” धाकटीने घास घेतला, चावला, गिळला. “मध्ये एक चूक निघाली होती. तशीच राहिली असती तर आज सगळ्यांसमोर फजिती झाली असती. ताईने काढली.”

थोरलीने मान वर केली. धाकटी ताटातच बघत होती.

आईचा चेहरा उजळला. तिने डावा हात लांब करून थोरलीच्या गुडघ्यावर ठेवला.

“मला वाटलंच. हिच्या नजरेतून सुटतंय का काही? अगं, तू पाठीशी आहेस म्हणून हिचं निभावतंय. तुझ्याशिवाय हिचं पान हलायचं नाही, मी सांगते.”

आईच्या तोंडून हे ऐकायला थोरली आठ महिने आसुसली होती. अगदी हेच. शब्दसुद्धा साधारण हेच मनात धरले होते. आता ते समोर वाढून आलं होतं आणि तिला ते घ्यावंसं वाटेना.

“आई,” ती म्हणाली, “ती चूक मला आधीच...”

“ताई,” धाकटी म्हणाली. “जेव. गार होतंय.”

तिने वर पाहिलं नाही. फक्त भाजीचं भांडं थोरलीच्या बाजूला सरकवलं. आई एकीकडून दुसरीकडे बघत राहिली, तिचा हात अजून थोरलीच्या गुडघ्यावरच होता. थोरलीने भाजी वाढून घेतली आणि जेवू लागली.